गटासाठी लॅपटॉप घेताना

आमच्या गटाने बचतीतून एक स्वस्त, हलका लॅपटॉप घेतला होता. सातबारा काढायचा, योजनांचे अर्ज भरायचे, बाजारभाव बघायचे, एवढंच काम. सव्वा किलोचा, पिशवीत घालून बैठकीला नेता येईल असा. पण चार महिन्यांत एक पान उघडेपर्यंत आमचा चहा पिऊन व्हायचा. आत जागा होती फक्त ३२ जीबी; ती विंडोज आणि अपडेटनीच भरली. चिप बोर्डालाच डाख देऊन बसवलेली, त्यामुळे बदलताही येईना.

आता आम्ही दुकानात आधी दोन गोष्टी विचारतो. रॅम किती? रॅम म्हणजे काम मांडायचा ओटा. ४ जीबीचा लवकर भरतो, ८ जीबी घ्या. आणि स्टोरेज कसलं? एसएसडी हवं, निदान १२८ जीबी, २५६ असेल तर उत्तम. ‘ईएमएमसी’ म्हणाले तर ते बहुधा मंद असतं. प्रोसेसरवर मात्र जास्त पैसे घालू नका, नुसतं इंटरनेट बघायला साधा पुरतो.

वापरलेला लॅपटॉपही चालेल. पण विंडोज १० चा नेहमीचा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणून विंडोज ११ चालतं का ते तिथेच बघा. चार्जर काढून अर्धा तास चालवा, बॅटरी कळते. क्रोमबुक असेल तर अपडेट कोणत्या सालापर्यंत मिळणार ते विचारा. ती मुदत आपण घेतल्या दिवसापासून मोजत नाहीत.

आणि पक्कं बिल गटाच्या नावावर घ्या. आमचं अध्यक्षताईंच्या मुलाच्या नावावर निघालं होतं, ते बदलायला दोन खेपा पडल्या.