रंगाला भुलू नका!

कराडलगतच्या मलकापुरात महामार्गावरून नव्या गाड्या सुसाट धावतात. आमच्या दारात मात्र वडिलांची प्रीमियर पद्मिनी उभी. मुलगा म्हणतो, "बाबा, विकून टाका आता!"

जुनी गाडी घेताना मीही एकदा रंगाला भुललो आणि खालून गंजलेला पत्रा घरी आणला. तेव्हापासून इंजिन गार असतानाच गाडी सुरू करून पाहतो. निळसर धूर आला, की समजावं, ऑईल जळतंय, खर्च ठरलेला!

पद्मिनीही आता तसाच धूर सोडते. फियाटला हे नाव १९७४ साली मिळालं. २००० च्या सुमारास उत्पादन थांबलं. सुटे भाग शोधत हिंडावं लागतं.

विकणार आहे, पण घेणाऱ्याला धूर दाखवूनच. वडिलांची गाडी खोटं बोलून कशी देऊ?