डोक्यावर पट्टे नसलेले पाहुणे आणि आपले जुने बुरूज

आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीला समुद्र नाही, म्हणून दीपगृहही नाही. पाण्याकाठचे जुने बांधकाम पाहायचे तर चंद्रपुरात रामाळा तलावाकडे जावे. जवळूनच गोंडकालीन किल्ल्याचा परकोट जातो. वर्षानुवर्षे त्यावर झाडे-झुडपे माजली होती. २०१७ साली इको-प्रो संस्थेच्या तरुणांनी फावडी हाती घेऊन सफाई सुरू केली, तेव्हा रोज सायकलने जाणाऱ्या मलाही काही बुरूज प्रथमच दिसले!

मागच्या हिवाळ्यात मुलीला घेऊन सासुरवाडीला गेलो होतो, गडचिरोली जिल्ह्यात. सकाळी मामा तलावाच्या पाळीवर उभे राहिलो तर पाण्यात करड्या रंगाच्या मोठ्या पक्ष्यांचा थवा. सासूबाई म्हणाल्या, "मोठी बदकं होत जी ते." पुस्तकात त्यांना पट्टकादंब म्हणतात. पांढऱ्या डोक्यावर मागच्या बाजूला दोन काळे पट्टे. मुलगी म्हणाली, "बाबा, त्या चार-पाचजणांना पट्टेच नाहीत." मी कारकून माणूस, आकडेमोड विचारा, हे उत्तर कुठून देणार?

नंतर वाचले तेव्हा कळले, ती त्याच वर्षीची पिल्ले होती. लडाख, तिबेट, मंगोलियात उन्हाळ्यात जन्मायचे आणि काही महिन्यांतच आई-बापामागे हिमालय ओलांडायचा! या जातीचे पक्षी सात हजार मीटरहून उंच उडाल्याची नोंद आहे. वाट पिल्लांना मोठ्यांसोबत उडूनच कळते. पहिला हिवाळाही कुटुंब एकत्रच काढते.

रात्री-पहाटे ते शेतात, गवतात चरतात आणि दिवसा उघड्या पाण्यावर विसावतात. तेव्हा पाणी उघडे हवे. इथेच घोडे अडते. मामा तलावांत गाळ, काठाला बेशरम. रामाळ्यात जलपर्णी आणि शहराचे सांडपाणी. त्यासाठी बंडू धोतरे यांना २०२१ च्या फेब्रुवारीत उपोषणाला बसावे लागले; मग तलाव रिकामा करून खोलीकरण निघाले. एका तलावासाठी माणसाने उपाशी बसावे, याचे मला वाईट वाटते.

थवा दिसला तर पोरांना दगड मारू देऊ नका. शिकारीला तर कायद्याने बंदीच आहे. मार्चपर्यंत ते परततात. मुलीने आतापासूनच बजावले आहे, यंदा दोनदा जायचे: एकदा आल्यावर आणि एकदा निघण्याआधी, पिल्लांच्या डोक्यावर पट्टे उमटले का ते पाहायला.