गरोदरपणातील पांढरे जाणे

अहमदनगर, म्हणजे सांप्रतच्या अहिल्यानगर जिल्ह्याच्या दक्षिणेकडील जामखेड या अवर्षणग्रस्त तालुक्यात डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य १९७० साली कार्यास लागले, तेव्हा खेड्यातील गर्भवतीची विचारपूस करावयाची कोणी, हा प्रश्न त्यांनी ज्या रीतीने सोडविला ती वैद्यकाच्या दफ्तरी नोंदलेली नव्हती. गावानेच निवडलेल्या, बहुधा निरक्षर आणि पुष्कळदा दलित समाजातील स्त्रियांना शिकवून त्यांनी ग्राम आरोग्य सेविका बनविले, आणि गरोदर स्त्रीची देखभाल त्यांच्या हाती दिली. प्रस्तुत विषयात या योजनेचे मोल मला विशेष वाटते, कारण ‘अंगावरून पांढरे जाते’ ही तक्रार परक्या डॉक्टरापुढे मांडण्यापेक्षा आपल्याच आळीतील बाईच्या कानी घालणे शतपट सुकर असते.

ही तक्रार न सांगता किती स्त्रिया दिवस ढकलतात, याचा लेखी दाखला महाराष्ट्रातच आहे. डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी करून १९८९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध केले. शेकडा ९२ स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता, आणि पूर्वी तशी तपासणी झालेल्या स्त्रिया शेकडा ८ देखील जेमतेम होत्या.

तथापि पांढरे जाणे म्हणजे रोगच, असे मानणेही तितकेच अनर्थावह आहे. गर्भधारणेनंतर शरीरातील ईस्ट्रोजेन वाढते, योनिमार्गाकडील रक्तप्रवाह वाढतो, गर्भाशयमुखातील ग्रंथी अधिक श्लेष्मा निर्माण करतात. त्यामुळे पातळ, दुधाळ, उग्र दर्प नसलेला आणि खाज वा आग न आणणारा स्राव महिनोगणती वाढत जावा, हे प्रकृतीच्याच व्यवस्थेत बसते. योनीत वसती करून असलेले लॅक्टोबॅसिलस जातीचे जंतू, ज्यांचे वर्णन जर्मन प्रसूतितज्ज्ञ डोडरलाइन यांनी १८९२ मध्ये केले, तेथील शर्करेपासून आम्ल निर्माण करून उपद्रवी जंतूंना मज्जाव करतात. म्हणून साबणाने वा जंतुनाशक औषधाने आतून धुण्याची स्वच्छताप्रिय गृहिणींची हौस त्या रक्षकांनाच हुसकावून लावते. बाहेरून साध्या पाण्याने धुणे पुरेसे आहे.

प्रकृतीने मर्यादा ओलांडली हे रंग, वास आणि वेदना यांवरून कळते. दह्याच्या गुठळीसारखा दाट स्राव आणि असह्य खाज ही बुरशीची लक्षणे, जी गरोदरपणात अधिक आढळतात. यावर योनीत ठेवावयाची क्लोट्रिमाझोलची औषधे साधारणपणे सात दिवस देतात, परंतु औषधाच्या दुकानातून आणून तोंडाने घ्यावयाची फ्लुकोनाझोलची गोळी गर्भवतीने परस्पर घेऊ नये. करडा, पातळ, मासळीसारखा वास येणारा स्राव जंतूंचे संतुलन बिघडल्याचे सुचवितो, आणि त्याचा संबंध अकाली प्रसूतीशी असल्याचे आढळले आहे. पिवळसर हिरवट, फेसाळ स्राव ट्रायकोमोनास या सूक्ष्म जीवाचा असू शकतो. तेथे पतीचाही इलाज केल्यावाचून पत्नीचा रोग परत परत येतो. या बाबतीत पतिराजांची टाळाटाळ सर्वत्र सारखीच असते, आणि ती रास्त म्हणता येत नाही.

या सर्वांत विलंब न करण्याचे प्रसंग मात्र निराळे. स्वच्छ पाणी भळभळा वा थेंबथेंब वाहू लागले, कपडा वारंवार भिजू लागला, तर पाणमोट फुटल्याची शंका घ्यावी, विशेषतः सदतीस आठवडे पुरे झाले नसतील तेव्हा. पाणी हिरवट असेल, रक्त जात असेल, ताप किंवा ठरावीक कळा असतील, तर रात्र असो की दिवस, १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. मुदतीआधी चिकट, रक्तमिश्रित शेंबडासारखा स्राव पडला तरीही तपासणी करून घ्यावी.

सुती कपडे वापरा, कोरडे राहा, हा सल्ला ऐकावयास सुगम आहे. पण दिवाळीनंतर जामखेड-पाथर्डीकडून कोयता घेऊन ऊसतोडीला निघालेल्या गर्भवतीस पाचटाच्या खोपीत पाणी आणि आडोसा दोन्ही दुर्मीळ, तेथे तो कोणाच्या तोंडून शोभावा? शेजारच्या बीड जिल्ह्यात अशाच मजूर स्त्रियांची गर्भाशये मोठ्या प्रमाणात काढली गेल्याच्या तक्रारींची २०१९ साली शासनाने समितीमार्फत चौकशी केली, आणि त्या तक्रारींत पांढरे जाण्यासारख्या साध्या त्रासाचे निमित्तही पुष्कळदा होते. अशा स्त्रीने निघण्यापूर्वी आशाताईकडून माता-बाल संरक्षण कार्ड भरून घ्यावे आणि ते सोबत ठेवावे, कारण दर महिन्याच्या नऊ तारखेस शासकीय केंद्रांत गर्भवतींची विनामूल्य तपासणी होते, आणि मागील नोंदी हाती असल्या की परक्या तालुक्यातील डॉक्टरालाही पहिल्यापासून सारे विचारत बसावे लागत नाही.