टिळक २१ तास बोलले, तुमच्या वकिलाला वीस मिनिटं : कोर्टातल्या शेवटच्या युक्तिवादाची गोष्ट

बोरीवली : "पुढच्या तारखेला आर्ग्युमेंट आहे," असा वकिलांचा फोन येतो आणि घरातल्यांना वाटतं, अजून एक तारीख पडली. गोराईहून होडीने खाडी ओलांडून, पुढे रिक्षा-बस करून माणूस दिंडोशीच्या सेशन कोर्टात पोचतो. (हे कोर्ट गोरेगावला असलं तरी कागदावर ते 'बोरीवली विभाग'च आहे.) दिवसभर बाकावर बसतो. मग पाच-दहा मिनिटं दोन वकील इंग्रजीत काहीतरी बोलतात आणि झालं. काय झालं ते कळतच नाही. खरं म्हणजे खटल्यातला सगळ्यात मोलाचा टप्पा त्याच्या डोळ्यासमोर होऊन गेलेला असतो.

साक्षीपुरावा संपला, उलटतपास झाले, आरोपीचा जबाब झाला की दोन्ही बाजूंना शेवटचं बोलायची संधी मिळते. यालाच अंतिम युक्तिवाद म्हणतात. सिनेमात वकील काळा कोट झटकत बोलतो ते दृश्य याचंच. आपल्याकडे आज ते दृश्य तसं नसतं, पण एके काळी मुंबईत होतं. तेव्हा निकाल ज्युरी द्यायची. ज्युरी म्हणजे गावातले नऊ-बारा साधे लोक. वकील नाहीत, न्यायाधीश नाहीत. साक्षी ऐकून 'दोषी' की 'निर्दोष' हे त्यांनी सांगायचं, शिक्षा न्यायाधीशांनी द्यायची. मग वकिलाचं शेवटचं भाषण या लोकांसाठीच असायचं.

१९०८ : मुंबई हायकोर्ट

मराठी माणसाला ठाऊक असलेलं असं सगळ्यात मोठं भाषण लोकमान्य टिळकांचं. 'केसरी'तल्या 'देशाचे दुर्दैव' आणि 'हे उपाय टिकाऊ नाहीत' या लेखांवरून त्यांच्यावर राजद्रोहाचा खटला भरला. १३ जुलै १९०८ ला तो सुरू झाला. समोर न्यायमूर्ती दावर. गंमत बघा, १८९७ च्या पहिल्या खटल्यात याच दावरांनी वकील म्हणून टिळकांसाठी जामीन मिळवला होता! ज्युरीत नऊ जण, त्यातले सात युरोपीय आणि दोन पारशी. लेख मराठीत आणि ते वाचून निकाल देणाऱ्यांना मराठी येत नाही, अशी अवस्था.

टिळकांनी स्वतःची बाजू स्वतःच मांडली. १५ जुलैला संध्याकाळी चारच्या सुमारास उभे राहिले आणि भाषण संपलं २२ जुलैला दुपारी. एकूण २१ तासांहून थोडं जास्त. एवढा वेळ काय बोलले? मोठमोठ्या घोषणा दिल्या असतील असं आपल्याला वाटतं, पण बराचसा वेळ गेला तो शब्दांवर. सरकारने लेखांचं जे इंग्रजी भाषांतर केलं होतं, त्यातला एकेक शब्द घेऊन मूळ मराठी शब्दाचा अर्थ काय आणि भाषांतरात तो कसा वाकला, हे त्यांनी ज्युरीला सांगितलं. भाषांतर करणाऱ्याची उलटतपासणी त्यांनी आधीच स्वतः घेतली होती. म्हणजे बोलायच्या आधी पाया रेकॉर्डवर घालून ठेवला होता.

दुसरी गोष्ट त्या पोस्टकार्डाची. त्यांच्या घराच्या झडतीत एक कार्ड सापडलं, त्यावर स्फोटकांविषयीच्या पुस्तकांची नावं लिहिलेली. सरकारी बाजूला हे आयतंच मिळालं. टिळकांनी ते टाळलं नाही. स्फोटक पदार्थांचा नवा कायदा त्याच जूनमध्ये झाला होता, त्यातल्या व्याख्येवर टीका लिहायची तर पुस्तकं बघायला हवीत, म्हणून ती नावं टिपली, असा सरळ खुलासा त्यांनी केला. आपल्या विरोधात जाणारा कागद आपणच आधी हातात घ्यायचा. चांगले वकील आजही हेच करतात.

एवढं करूनही निकाल विरोधात गेला. टिळकांनी कागदपत्रं पुराव्यात दाखल केली होती, त्यामुळे तेव्हाच्या नियमाप्रमाणे शेवटचं बोलायचा हक्क सरकारी वकिलाला, म्हणजे ब्रॅन्सन यांना मिळाला. रात्री ज्युरी आत गेली आणि सव्वा तासाने परत आली : सात विरुद्ध दोन, दोषी. सहा वर्षं काळ्या पाण्याची शिक्षा, मंडालेचा तुरुंग. पुढे मुंबईतल्या गिरणी कामगारांनी सहा दिवस काम बंद ठेवलं. निकाल ऐकून टिळक जे दोन वाक्यं बोलले, ती आज हायकोर्टाच्या त्याच दालनाबाहेर संगमरवरावर कोरलेली आहेत.

१९५९ : टॉवेलाचा मुद्दा

एकावन्न वर्षांनी मुंबईतच उलटं घडलं. नौदलाचे कमांडर नानावटी यांनी २७ एप्रिल १९५९ ला पत्नीचा प्रियकर प्रेम आहुजा याला गोळ्या घातल्या. बचाव असा, की झटापटीत रिव्हॉल्व्हर सुटलं. सरकारी बाजूने एक साधी गोष्ट पुढे केली : आहुजा न्हाणीघरातून टॉवेल गुंडाळून आला होता आणि मेल्यावरही तो टॉवेल जागच्या जागीच होता. झटापट झाली असती तर टॉवेल राहिला असता का? शिवाय जहाजावरून रिव्हॉल्व्हर घेताना नानावटींनी रात्री एकट्याने गाडी घेऊन अहमदनगरला जायचंय असं कारण सांगितलं होतं. ते खोटं होतं.

ज्युरीने तरी ८ विरुद्ध १ असा 'निर्दोष' निकाल दिला. बाहेर वर्तमानपत्रांनी आणि गर्दीने नानावटींची बाजू उचलून धरली होती. सेशन जज मेहता यांना हा निकाल पटला नाही, त्यांनी प्रकरण हायकोर्टाकडे पाठवलं. १९६० मध्ये हायकोर्टाने जन्मठेप दिली आणि २४ नोव्हेंबर १९६१ ला सुप्रीम कोर्टाने ती कायम केली. सुप्रीम कोर्टाच्या निकालपत्रातही तो टॉवेल आहेच. ज्युरीसमोर जो मुद्दा चालला नाही, तो रेकॉर्ड वाचणाऱ्या न्यायाधीशांपुढे चालला.

नंतर ज्युरी हळूहळू संपली. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ती ठेवलीच नाही. आता तिची सावली उरलीय ती पारशी लोकांच्या घटस्फोटाच्या कोर्टात, तिथे आजही समाजातले पाच प्रतिनिधी न्यायाधीशांबरोबर बसतात.

आज काय बदललं?

आता निकाल एकटे न्यायाधीश देतात. त्यांच्यासमोर भावनेचं भाषण फार चालत नाही, कारण निकालपत्रात त्यांना कारणं लिहावी लागतात, आणि ती कारणं फाईलमधूनच येतात. म्हणून तुमचे वकील 'साक्षीदार नंबर तीन, उलटतपास, पान अमुक' असं रुक्ष बोलत असतील तर नाराज होऊ नका. तेच कामाचं आहे. उलट जो वकील फाईल न उघडता अर्धा तास मोठ्याने बोलतो, त्याची मला जास्त काळजी वाटते.

१ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे. तिच्या कलम ३५२ प्रमाणे युक्तिवाद थोडक्यात करायचा असतो, आणि कोणी विषय सोडून लांबण लावली तर कोर्ट त्याला आवरू शकतं. म्हणजे आज २१ तास कोणी बोलू देणार नाही! पण त्याच कलमात एक मोठी सोय आहे : लेखी युक्तिवाद. तोंडी बोलणं संपायच्या आत मुद्देवार लिहून देता येतो, त्याची प्रत समोरच्यालाही द्यावी लागते, आणि तो रेकॉर्डचा भाग होतो. युक्तिवाद ऐकून न्यायाधीशांची बदली झाली तर नव्या साहेबांसमोर पुन्हा बोलावं लागतं, तेव्हा हा कागद उपयोगी पडतो. वकिलांना सरळ विचारा, "साहेब, लेखी युक्तिवाद देताय ना? मला एक प्रत द्या आणि मराठीत समजावून सांगा."

आणखी एक. सेशन खटल्यात आता आधी सरकारी वकील बोलतात आणि नंतर आरोपीची बाजू. टिळकांच्या वेळची अडचण आज आरोपीला नाही.

तुम्ही आरोपी नसून मार खाल्लेले, फसवले गेलेले फिर्यादी असाल, तर तुमच्यासाठी कलम ३३८ बघा. खटला सरकारी वकीलच चालवतात, पण तुम्ही नेमलेला खासगी वकील त्यांना मदत करू शकतो, आणि पुरावा संपल्यावर कोर्टाच्या परवानगीने तुमच्यातर्फे लेखी युक्तिवादही देऊ शकतो. हे बऱ्याच लोकांना माहीतच नसतं. सरकारी वकिलांच्या हातात एकाच दिवशी बऱ्याच फायली असतात, तुमच्या केसमधला टॉवेल त्यांच्या नजरेतून सुटू शकतो.

समजा बांधावरून मारामारी झाली. पंच फितूर झाला, पण डॉक्टरांच्या दाखल्यावर जखमेची जागा आणि वेळ आहे, आणि आरोपीच्याच साक्षीदाराने उलटतपासात तो त्या वेळी तिथे होता हे कबूल केलंय. तुमचा टॉवेल तो. अशा दोन-तीन गोष्टी घरी बसून कागदावर लिहा आणि तारखेच्या आधी चार दिवस वकिलांकडे पोचवा, त्याच सकाळी व्हरांड्यात नको. नवी गोष्ट मात्र आता घालता येत नाही. जे साक्षीत आलं नाही, ते युक्तिवादात सांगून उपयोग नाही. त्यामुळे साक्ष चालू असतानाच लक्ष ठेवायचं.

वकील करायला पैसे नसतील तर विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि कोठडीतले लोक यांना उत्पन्नाची अट न लागता मोफत वकील मिळतो. राष्ट्रीय उद्यानातल्या पाड्यांवरच्या आदिवासी मंडळींनी हे लक्षात ठेवावं. हेल्पलाइन १५१००.

युक्तिवाद संपला की सेशन कोर्टाने ३० दिवसांत निकाल द्यायचा असतो, कारण नोंदवून तो ४५ दिवसांपर्यंत नेता येतो. निकाल 'दोषी' आला तर लगेच सगळं संपत नाही, शिक्षा किती द्यायची यावर आरोपीला वेगळं बोलायला मिळतं. घरात आजारी आई असेल, लहान मुलं असतील, पहिलाच गुन्हा असेल, तर ते तेव्हाच सांगायचं. त्या दिवशी जाताना रेशनकार्ड, मुलांचे शाळेचे दाखले आणि डॉक्टरांचे कागद पिशवीत असू द्या.