तोच दुवा दोनदा का पडतो?

वाचताना आवडलेल्या पानाची खूण ठेवायची आणि ती सगळ्यांना दाखवायची, ही सोय जोशुआ शॅक्टर यांनी २००३ मध्ये सुरू केलेल्या डिलिशस या संकेतस्थळानं लोकप्रिय केली. असे साठवलेले दुवे रोज रात्री आपोआप ब्लॉगवर टाकणारा छोटा प्रोग्रॅम घरीही लिहिता येतो. माझा एका संध्याकाळी झाला. तपासणी मात्र अजून चालू आहे, आणि खरं शिक्षण तिथंच मिळतं.

समजा, प्रोग्रॅमनं दुवा पाठवला, सर्व्हरनं तो छापलाही, पण पोचपावती येण्याआधीच नेट गेलं. प्रोग्रॅमला वाटतं, काम राहिलं. तो पुन्हा पाठवतो. म्हणून चाचणीत मी मुद्दाम मध्येच वायफाय बंद करतो. सोपा उपाय: प्रत्येक दुव्याला कायमची ओळखखूण द्यायची आणि पाठवण्याआधी ती ब्लॉगवर शोधायची.

मराठी दुव्यांची गंमत वेगळी. ‘पुणे’ शब्दात उकार आणि मात्रा धरून ४ चिन्हं. यूटीएफ-८ या अक्षरसंकेतात प्रत्येकी ३ बाइट, म्हणजे १२. पत्त्यात प्रत्येक बाइट टक्क्याचं चिन्ह आणि दोन अक्षरं अशा रूपात जातो, म्हणजे ३६ अक्षरं. हेच रूपांतर चुकून दोनदा झालं, तर टक्क्याच्या चिन्हांचंही रूपांतर होऊन ६० अक्षरं होतात आणि पान सापडत नाही. फक्त इंग्रजी पत्ते तपासणाऱ्याला ही चूक सहसा दिसणार नाही. माझ्या चाचणीच्या यादीत म्हणूनच पहिला दुवा मराठी असतो.