निवडणुकींतील करवचनें आणि पेन्शनर दांपत्य

निवडणुकींतील करवचनें पेन्शनरांच्या पदरांत किती पडतात, हें पाहण्यास ब्रिटनचें उदाहरण बोधप्रद आहे. तेथें विवाहितांना करसवलत देण्याचें वचन हुजूर पक्षानें २०१० सालीं दिलें. ती हातीं यावयास मात्र एप्रिल २०१५ उजाडला.

वार्षिक १२,५७० पौंडांपर्यंतच्या उत्पन्नावर तेथें प्राप्तिकर नाहीं. ज्या पत्नीचें उत्पन्न ह्याहून कमी असेल तिला आपल्या मर्यादेंतील १,२६० पौंड पतीच्या नांवें करतां येतात. पती मूळ दरानें कर भरणारा असल्यास त्याचे २५२ पौंड वांचतात. (पतीही पत्नीस असेंच देऊं शकतो.) अर्ज केल्यावांचून मात्र कांहीं मिळत नाहीं.

परंतु ही मर्यादा २०२१ पासून गोठलेली, आणि सरकारी पेन्शन दरसाल वाढणारें! २०२६-२७ सालासाठीं पूर्ण नवें पेन्शन १२,५४७ पौंडांवर गेलें. तेवढेंच उत्पन्न असलेल्या वृद्धेनें १,२६० पौंड पतीस दिले, तर तिची मर्यादा ११,३१० वर उतरते आणि तिलाच सुमारें २४७ पौंड कर बसतो. घरांत उरले चार-पांच पौंड. वचन कोणीं मोडलें नाहीं. तें आपोआप आटलें.

२०२४ च्या निवडणुकींत हुजूर पक्षानें पेन्शनरांपुरती ही मर्यादा पेन्शनाबरोबर वाढविण्याचें आश्वासन दिलें. पण तो पक्ष हरला. विजयी मजूर पक्षाचें वचन प्राप्तिकराचे दर न वाढविण्याचें होतें. दर आणि मर्यादा ह्यांतील हा भेद मतदारांच्या सहसा ध्यानांत येत नाहीं. नोव्हेंबर २०२५ च्या अंदाजपत्रकानें मर्यादा एप्रिल २०३१ पर्यंत गोठविली.