राऊ, मस्तानी आणि ठाणे-कल्याणचे वाचक

ना. सं. इनामदार यांची 'राऊ' ही कादंबरी १९७२ मध्ये प्रसिद्ध झाली. थोरले बाजीराव पेशवे आणि मस्तानी यांच्या नात्यावरची ती मराठीतली सर्वांत परिचित कादंबरी आहे. इनामदारांनी त्याआधी 'झेप'मध्ये त्रिंबकजी डेंगळे, 'झुंज'मध्ये यशवंतराव होळकर आणि 'मंत्रावेगळा'मध्ये दुसरा बाजीराव उभा केला होता. इतिहासाने ज्यांच्या माथी दोष मारला, त्यांची बाजू मांडण्याचा त्यांचा ध्यास होता आणि 'राऊ' त्याच ओळीत बसते. या कादंबरीबद्दल वाचकांत एकमत कधीच झालेले नाही. ठाणे, कल्याण आणि डोंबिवली या वाचनालयांच्या शहरांत तर या वादाला स्थानिक कारणेही आहेत, कारण कथेतल्या ज्या माणसांवर मस्तानीच्या छळाचा ठपका येतो, त्यांचा या भूमीशी जवळचा संबंध आहे.

मूळ हकिकत थोडक्यात अशी. १७२९ मध्ये महंमदखान बंगशाने बुंदेलखंडाचा वृद्ध राजा छत्रसाल याला जैतपूरला कोंडीत पकडले. बाजीरावांनी मार्च महिन्यात धाव घेऊन त्याची सुटका केली. छत्रसालाने त्यांना पुत्र मानून राज्याचा तिसरा वाटा देऊ केला आणि मस्तानी पुण्यास आली. बाजीरावांनी शनिवारवाड्यात तिला जागा दिली. वाड्याचा एक दरवाजा आजही तिच्या नावाने ओळखला जातो. पाबळ हे गाव तिला इनाम मिळाले. १७३४ मध्ये त्यांना मुलगा झाला, तोच पुढे समशेरबहाद्दर. १७४० च्या आरंभी बाजीराव नासिरजंगावरील मोहिमेत गुंतलेले असताना घरच्यांनी मस्तानीला कैदेत ठेवले. २८ एप्रिल १७४० रोजी नर्मदाकाठी रावेरखेडी येथे बाजीरावांचा मृत्यू झाला, तेव्हा त्यांचे वय चाळिशीच्या आतच होते. त्यानंतर लवकरच मस्तानीही गेली. विष घेऊन की दुःखाने, यावर निर्णायक पुरावा नाही. पाबळला तिची कबर आहे.

या नात्यात वरचढ कोण होते, हा वाचकांतला पहिला मतभेद. मस्तानीला गरीब कलावंतीण आणि बाजीरावांना राजा मानून वाचणाऱ्यांना ही कथा रंकाने राजावर भाळण्याची वाटते. हे वाचन लोकप्रिय असले तरी कच्चे आहे. पेशवा हा छत्रपतींचा प्रधान, म्हणजे सेवक. मस्तानी छत्रसालाची मुलगी होती हे मत मान्य केले, तर ती राजकन्या ठरते आणि पद व कुळ या दोन्ही बाबतींत तिचे पारडे जड होते. पुण्यात मात्र ते पारडे उलटे झाले, कारण तिची आई मुसलमान मानली जात होती आणि पुण्याच्या ब्राह्मणी मोजपट्टीत राजाचे रक्त त्यापुढे निष्प्रभ ठरत होते. हा उतरंडीचा पेच समजून घेतला तर कथेतली विषमता पैशाची नसून सोवळ्याची होती, हे स्पष्ट होते. अनेक जाणते वाचक 'राऊ'मध्ये नेमके हेच पाहतात आणि त्यामुळेच तिला केवळ प्रेमकथा म्हणायला त्यांची तयारी नसते.

यातलाच दुसरा मुद्दा त्याहून बोचरा आहे. त्या काळी श्रीमंत घराण्यांत नाटकशाळा, म्हणजे लग्नाशिवाय ठेवलेली स्त्री, असणे ही नवलाची गोष्ट नव्हती. खुद्द साताऱ्यात शाहू महाराजांच्या विरूबाईंना राणीइतका मान होता आणि कोणी कपाळाला आठ्या घालत नव्हते. एखादी स्त्री वाड्याच्या कोपऱ्यात, नात्याला नाव न देता राहिली असती, तर पुण्याच्या धर्ममार्तंडांनीही डोळेझाक केली असती. बाजीरावांनी मस्तानीला पत्नीसारखी वागणूक दिली आणि मुलाचे नाव कृष्णराव ठेवून त्याला ब्राह्मण म्हणून वाढवण्याचा विचार केला, असे परंपरा सांगते. विरोध पेटला तो येथे. १७४० च्या फेब्रुवारीत बाजीरावांचे पुत्र रघुनाथराव यांची मुंज आणि पुतणे सदाशिवराव यांचे लग्न होते. बाजीराव आणि मस्तानी यांचे संबंध राहिले तर या कार्यांना ब्राह्मण मिळणार नाहीत, हा दबाव घरावर होता. बहिष्काराचा धाक कुटुंबाच्या हातून काय करवून घेतो, हे कळण्यासाठी आजच्या वाचकाला फार दूर जावे लागत नाही. लग्नाच्या गाठी जुळवताना जात पाहणारी घरे ठाण्या-कल्याणच्या गृहसंकुलांतही आहेत. तिथल्या तरुण वाचकांना 'राऊ' जवळची वाटते ती याच कारणाने.

काशीबाईंची बाजू घेणारा वाचकवर्ग मोठा आहे आणि त्यात स्त्रियांचा भरणा अधिक. काशीबाई चासकर जोशी घराण्यातल्या. हे सावकारी घराणे मूळ कोकणातले आणि कल्याण प्रांताच्या कारभाराशी त्याचा जवळचा संबंध होता. म्हणजे मस्तानी बुंदेलखंडातून परकी म्हणून आली, तर काशीबाई कल्याणकरांना आपल्याच सोयऱ्यांतल्या. पायाच्या दुखण्याने त्रासलेली, नवऱ्याच्या सततच्या मोहिमांत घर सांभाळणारी, सवत आल्यावरही तोंडातून अवाक्षर न काढणारी ही बाई कादंबरीत दुय्यम ठरते, अशी या वाचकांची तक्रार असते. तिच्या सोशिकपणाचा गौरव करून तिच्यावर झालेला अन्याय झाकला जातो, असे त्यांतल्या काहींचे रास्त म्हणणे आहे. कादंबरीचे नावच 'राऊ' असल्याने केंद्रस्थानी बाजीराव राहणार, हे उत्तर त्यांना पुरेसे वाटत नाही. वयाने मोठ्या वाचकांचा कल मात्र काशीबाईंना आदर्श गृहिणी मानण्याकडे असतो. एकाच पात्राबद्दलची ही दोन मते दोन पिढ्यांतले अंतर दाखवतात.

ठाणेकरांची खरी अडचण आहे बाजीरावांचे धाकटे भाऊ चिमाजीअप्पा यांच्याबाबत. मार्च १७३७ मध्ये चिमाजीअप्पांच्या फौजेने पोर्तुगीजांच्या हातातला ठाण्याचा किल्ला घेतला. साष्टीचा मार्ग त्यातून मोकळा झाला आणि मे १७३९ मध्ये वसई पडली. तोच किल्ला आज ठाण्याचे मध्यवर्ती कारागृह आहे. या भागातल्या घराघरांत चिमाजीअप्पा हे मुक्तिदाते आहेत. मोहिमेची आठवण जपणारी देवळे आणि वाडे आजही उभे आहेत. ठाण्याच्या कोपीनेश्वर मंदिराचा जीर्णोद्धार करणारे रामाजी महादेव बिवलकर हे पेशवाईतलेच सरसुभेदार, आणि कल्याणच्या सुभेदारवाड्याची आठवणही त्यांच्याच नावाशी जोडलेली आहे. आणि वसई जिंकून वर्ष होण्यापूर्वीच, त्याच चिमाजीअप्पांनी पुतण्या नानासाहेबांच्या साथीने मस्तानीला अटकेत ठेवले. पराक्रमी धाकटा भाऊ आणि घरातला कठोर पहारेकरी हे एकाच माणसाचे दोन चेहरे वाचकाला एका वेळी पाहावे लागतात. काही वाचक चिमाजींवरील आरोप कादंबरीकाराचा अतिरेक मानतात. तो अतिरेक नाही, कारण कैदेसंबंधीच्या हालचाली पत्रव्यवहारात आल्या आहेत. उलट, छत्रपती शाहूंचा कल बाजीरावांना दुखवू नये असा होता, हेही त्याच काळच्या पत्रांतून समोर येते. चिमाजींनी हे द्वेषाने केले असे म्हणणेही पटत नाही. ज्या भावासाठी त्यांनी रणे जिंकली, त्याच्या घराला वाळीत टाकले जाईल ही भीती खरी होती. भाऊ गेल्यानंतर त्याच वर्षीच्या डिसेंबरात चिमाजीअप्पांचाही मृत्यू झाला.

इतिहासाचा आग्रह धरणारे वाचक 'राऊ' वाचताना हातात पेन्सिल घेऊन बसतात. त्यांचा प्रश्न असतो की पुरावा कुठे आहे. ठाण्यात ही वृत्ती जुनी आहे. 'महाराष्ट्र सारस्वत'कार वि. ल. भावे यांनी १८९३ मध्ये ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय उभे केले. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय तर १८६४ पासून चालू आहे. अशा संस्थांच्या शहरात कादंबरी वाचून संपली की वाचक चरित्राच्या कपाटाकडे वळतो. गो. स. सरदेसाई यांनी १९३० च्या दशकात संपादित केलेले पेशवे दप्तराचे ४५ खंड, त्यांची 'मराठी रियासत' आणि द. ग. गोडसे यांचे 'मस्तानी' हे पुस्तक ही या वाटेवरची ठिकाणे. जुन्या लिखाणात मस्तानी कधी निजामाची मुलगी, कधी नाचणारी अशी येते. तिच्यावर बसलेला कलावंतिणीचा शिक्का पुसण्याचा प्रयत्न गोडशांनी चिकाटीने केला. गोडसे वाचून पुन्हा 'राऊ'कडे येणारा वाचक इनामदारांशी भांडतो आणि त्या भांडणातूनच त्यांना मोठे मानतो. ललित लेखकाला पोकळी कल्पनेने भरण्याचा अधिकार आहे. वाचकाला ती पोकळी कुठे होती हे कळण्याचा अधिकार तितकाच आहे.

भाषेबद्दल मतभेद थोडे. पेशवाईतल्या शब्दांची पेरणी जुन्या वाचकाला सुखावते, नव्याला अडवते. इंग्रजी माध्यमात शिकलेल्या मुलांसाठी विक्रांत पांडे यांचा २०१६ चा इंग्रजी अनुवाद आला, आणि आई-वडील मराठी 'राऊ' वाचत असताना मुले इंग्रजीतून तीच कथा वाचत आहेत, असे घर डोंबिवलीत सापडणे कठीण नाही.

या कथेकडे आलेली दुसरी मोठी लाट पडद्यावरून आली. १९२५ मध्येच भालजी पेंढारकरांच्या हातून 'बाजीराव मस्तानी' हा मूकपट झाला होता. दूरदर्शनवरच्या 'राऊ' मालिकेने मनोज जोशी आणि अश्विनी भावे यांच्या चेहऱ्यांनी ही कथा घरोघर नेली. १८ डिसेंबर २०१५ रोजी संजय लीला भन्साळींचा 'बाजीराव मस्तानी' प्रदर्शित झाला, तेव्हा काशीबाई आणि मस्तानी एकत्र नाचतात या दृश्यावर जोरदार आक्षेप घेतले गेले, पुण्यात काही खेळही रद्द झाले. नृत्यावरचा राग समजण्यासारखा होता. पेशवीणबाई अशा नाचणार नाहीत. पण त्या गदारोळात मस्तानीला कोणी कोंडले, हा मूळ प्रश्न बाजूला पडला. चित्रपटामुळे पुस्तकाकडे वळलेल्यांना मात्र कादंबरी अधिक संथ आणि अधिक दुःखी वाटली, आणि त्यांतल्या अनेकांना ती अधिक आवडली.

शेवटी प्रश्न उरतो बाजीरावांचाच. पालखेडला निजामाला नमवणारा एवढा मोठा सेनापती आपल्या घरापुढे हतबल का झाला? १९३६ मध्ये इंग्लंडचा राजा आठवा एडवर्ड प्रेमासाठी गादीवरून उतरला; बाजीरावांनी पेशवेपद सोडले नाही आणि मस्तानीलाही सोडले नाही. काही वाचक याला दुबळेपणा म्हणतात, काही निष्ठा. पेशवेपद ही केवळ एका माणसाची खुर्ची नव्हती, तिच्यावर निजामापासून दिल्लीपर्यंतचा तोल उभा होता, ही बाजू पुरेशी मांडली जात नाही. मोहिमा थांबवणे त्यांना शक्य नव्हते, आणि ते मोहिमेवर गेले की मस्तानीला वाड्यात राखणारे कोणी नव्हते.

बहुतेक प्रेमकथा दोघांच्या मृत्यूशी थांबतात. समशेरबहाद्दराकडे मात्र थोडेच वाचक वळतात. आई-वडील गेल्यावर तो पेशव्यांच्या घरातच वाढला, पेशव्यांच्या फौजेतून लढला आणि १७६१ मध्ये पानिपतातून जखमी होऊन बाहेर पडल्यावर डीगजवळ मरण पावला. त्याचा मुलगा अलीबहाद्दर याने बुंदेलखंडात बांद्याची नबाबी स्थापली आणि १८०२ मध्ये कालिंजरच्या वेढ्यात तो वारला. याच घराण्यातले दुसरे अलीबहाद्दर १८५७ च्या उठावात इंग्रजांविरुद्ध उभे राहिले. ज्या मुलाला मुंजीच्या बोहल्यावर जागा मिळाली नाही, त्याच्या वंशाने पेशव्यांच्या नावावर लढत राहावे, हा भाग वाचलेल्यांचे मत मस्तानीबद्दल फारसे डळमळत नाही. डोंबिवली आणि कल्याणच्या तरुण वाचकांनी बांद्याचा इतिहास शोधून वाचला, तर या वादात एक नवे पान जोडले जाईल. त्या घराण्यावर मराठीत अजून मोठी कादंबरी व्हायला हवी.